पाण्याच्या लेनमधला बँड: जेनेटिक्समध्ये पीएचडीला जाणाऱ्या मुलीला उत्तर

प्रश्न ठाण्याच्या एका मुलीचा आहे. थोडक्यात असा: एमएस्सी बायोटेक झाली, सीएसआयआर-नेटमध्ये जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली, आता जेनेटिक्स आणि मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएचडी करायची आहे. खारघरच्या दोन लॅबमधून होकार आलाय. एक मोठी, चौदा विद्यार्थ्यांची, नावाजलेली. तिथे क्रिस्पर, म्हणजे जीन हवा तिथे कापायचं तंत्र, रोजचंच. दुसरी दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली, गाइड आणि दोनच विद्यार्थी. बाबा म्हणतात, अजून सहा वर्षं कशाला? आणि शेवटी तिने विचारलंय, "मॅडम, या सहा वर्षांत नक्की शिकायला काय मिळतं?"

मी नवी मुंबईत बावीस वर्षं लॅब चालवली. अकरा जणांच्या पीएचडी माझ्याकडे झाल्या, आणखी कितीतरी जणांच्या डॉक्टरल कमिटीवर बसले. तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. त्याचं उत्तर हाती आलं की बाकीचे प्रश्न बरेचसे आपोआप सुटतील.

एक प्रसंग सांगते. माझ्याकडे एक मुलगा नवीन आला होता, कोर्सवर्क चालू होतं, लॅबमधला दुसराच महिना. त्याने साधं पीसीआर लावलं, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची प्रक्रिया. मग तुकडे लांबीनुसार वेगळे करणारं दीड टक्का ॲगरोज जेल, डावीकडे लॅडर (लांबी मोजायची पट्टी), मग सहा सॅम्पल आणि शेवटच्या लेनमध्ये फक्त पाणी. डीएनए न घालता बाकी सगळं घातलेली ही लेन आपण सगळेच लावतो आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. जेल यूव्हीखाली धरलं. सहाही सॅम्पलमध्ये अडीचशे बेसपेअरला सुरेख, ठसठशीत बँड. पोरगं खूश. मी म्हटलं, शेवटची लेन बघ. पाण्याच्या लेनमध्येही तोच बँड होता, तेवढाच ठसठशीत.

त्याचा चेहरा उतरला. पहिली गोष्ट तो बोलला ती अशी: "मॅडम, ही लेन क्रॉप करून ठेवू का? सॅम्पल तर बरोबर आलेत." त्यात लबाडी नव्हती. एमएस्सीपर्यंत आपल्याला प्रॅक्टिकलमध्ये 'बरोबर' उत्तर यायला हवं असंच शिकवलेलं असतं. जर्नलमध्ये अपेक्षित निकाल लिहिला की मार्क मिळतात. त्यामुळे सॅम्पलमधले बँड 'बरोबर' आणि पाण्यातला 'चुकीचा', असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. खरं म्हणजे पाण्यातल्या त्या बँडने सहाही सॅम्पलचं म्हणणं पुसून टाकलं होतं. पीसीआरच्या तीस सायकलमध्ये एका रेणूचे शंभर कोटींच्या वर होतात. कुठून तरी एका थेंबाचा शिंतोडा आला की बँड दिसणारच, सॅम्पलमध्ये जीन असो वा नसो.

मी त्याला दोष कुठे आहे ते सांगितलं नाही. म्हटलं, शोध, पण एका वेळी एकच गोष्ट बदल. त्याने पहिल्या दिवशी पाणी बदललं. बँड कायम. दुसऱ्या दिवशी एन्झाइम आणि बफर एकदम बदलायला निघाला होता, त्याला थांबवलं. दोन्ही एकदम बदलून बँड गेला असता तर दोष कशात होता हे कळलंच नसतं. त्याने पिपेट बदलली, टिप बदलल्या, शेजारच्या खोलीत जाऊन मिक्स बनवलं. चौथ्या दिवशी प्रायमरची, म्हणजे कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणाऱ्या छोट्या डीएनएची, नवी नळी उघडली आणि पाण्याची लेन काळीकुट्ट, स्वच्छ आली. जुन्या प्रायमरच्या नळीत कुणाच्या तरी हातून तोच तुकडा असलेलं प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) गेलं होतं. तो धावत सांगायला आला. काहीच 'आलं' नव्हतं, रिकामी लेन आली होती, आणि त्याला एवढा आनंद झालेला मी त्यानंतरच्या पाच वर्षांत दोन-तीनदाच बघितला. माझ्या मते त्याची पीएचडी त्या चौथ्या दिवशी सुरू झाली. रजिस्ट्रेशनच्या कागदावर तारीख वेगळी आहे.

आपल्या मराठीत तीन साधे शब्द आहेत: दिसतं, वाटतं, आहे. माझ्या लॅबमध्ये नोटबुक इंग्रजीत असायचं, पण चर्चा मराठी-हिंदीत चालायची, आणि हे तीन शब्द मी कुणालाच एकमेकांच्या जागी वापरू द्यायची नाही. बँड दिसतो. जीन बंद पडलाय असं वाटतं. जीन बंद आहे. पहिल्या वाक्यासाठी डोळे पुरतात. दुसऱ्यासाठी थोडा अभ्यास लागतो. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जायला मात्र कधी एक प्रयोग लागतो, कधी वर्ष लागतं, आणि कधी शेवटी कबूल करावं लागतं की 'वाटतं'च्या पुढे आपल्याला जाता आलं नाही. मधे कोणते प्रयोग करायचे हे स्वतःचं स्वतःला सुचणं, आणि निकाल आपल्या आवडीविरुद्ध गेला तरी तो मानणं, हे शिकायला मिळतं. सहा वर्षं त्यासाठी लागतात.

आता क्रिस्परबद्दल. ती लॅब तुला खुणावतेय कारण तिथे क्रिस्पर शिकायला मिळेल. हा मोह मला समजतो. डाउडना आणि शार्पांतिए यांचा तो पेपर २०१२ चा, नोबेल २०२०ला मिळालं. आठ वर्षांत एखादं तंत्र जगभर पोचावं असं आमच्या शास्त्रात क्वचितच घडलंय. पण माझी गोष्ट ऐक. माझ्या पीएचडीच्या काळात, नव्वदच्या दशकात, ज्याला रेडिओॲक्टिव्ह पी-३२ लावून सदर्न ब्लॉट (डीएनएचा नेमका तुकडा शोधायची जुनी पद्धत) स्वच्छ काढता येई त्याला मोठा मान असायचा. चौदा-साडेचौदा दिवसांत पी-३२ निम्मं होतं, त्यामुळे प्रोब आला की आमचं सगळं वेळापत्रक त्याच्याभोवती फिरायचं. फिल्म डेव्हलप करायला डार्करूमबाहेर रांग लागायची. ते कौशल्य मिळवायला मी दीड वर्ष घालवलं. माझ्या लॅबमध्ये शेवटी शेवटी आलेल्या एकाही मुलाने सदर्न ब्लॉट हाताने केलेला नाही. त्यांना गरजही पडली नाही.

क्रिस्परचं तंत्र तू कुठेही गेलीस तरी चार-सहा महिन्यांत शिकशील. कुठे कापायचं ते क्रिस्परला दाखवणारा 'गाइड आरएनए' डिझाइन करायची सॉफ्टवेअर फुकट आहेत, प्लाझ्मिड मागवता येतात. अवघड भाग त्यापुढे सुरू होतो. जीन कापला, पेशी बदलली; पण ती त्या जीनमुळे बदलली की दुसरीकडे कुठेतरी कात्री लागली म्हणून? एकाच पेशीपासून वाढवलेला क्लोन मुळातच वेगळा होता का? हे प्रश्न क्रिस्परच्या प्रोटोकॉलमध्ये लिहिलेले नसतात. ते जेनेटिक्समध्ये फार जुने आहेत. बिघडवा आणि परिणाम बघा, मग तीच गोष्ट परत जागेवर ठेवा आणि परिणाम जातो का ते बघा. फ्यूज काढल्यावर दिवा गेला म्हणून फ्यूजमुळेच गेला असं नव्हे, कदाचित त्याच क्षणी अख्ख्या कॉलनीची वीज गेली असेल. फ्यूज परत लावून दिवा लागला तर मग बोला. याला आमच्याकडे रेस्क्यू म्हणतात.

याबाबत मी स्वतः चुकले आहे, आणि ते सांगायला हवं. माझी एक विद्यार्थिनी तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींवर काम करत होती. तिसरं वर्ष चालू होतं. एसएच-आरएनए, म्हणजे जीनचं काम दाबणारा छोटा आरएनए, वापरून तिने एक जीन दाबला होता. प्लेटवर पेशींचा गालिचा वाढवायचा, पिपेटच्या टिपने मधून सरळ ओरखडा काढायचा आणि पेशी दोन्हीकडून सरकत तो किती वेळात भरून काढतात ते बघायचं, अशी ती चाचणी. साध्या पेशींनी चोवीस तासांत ओरखडा भरला. जीन दाबलेल्या पेशी अर्ध्यावरच. फोटो इतके सुंदर होते की मी ते एका परिषदेच्या स्लाइडवर घालूनही टाकले. जीन पेशींच्या सरकण्याला मदत करतो, म्हणजे कॅन्सर पसरण्याशी त्याचा संबंध असावा, अशी मांडणी तयार.

ती म्हणाली, रेस्क्यू करूया. म्हणजे तोच प्रोटीन बनवणारा, पण अक्षरं जरा बदललेला जीन आत घालायचा. कोडॉनचं तिसरं अक्षर बदललं तरी बहुतेक वेळा अमिनो आम्ल तेच राहतं, त्यामुळे प्रोटीन तसंच बनतं, आणि एसएच-आरएनएला मात्र त्या जीनच्या आरएनएवर पकड घेता येत नाही. मी म्हटलं, करू, पण पेपर पाठवल्यावर. रिव्ह्यूअर मागतील तेव्हा बघू. मला घाई होती, ग्रँट संपत आली होती. तिने ऐकलं नाही. रात्री थांबून तिने क्लोनिंग केलं. प्रोटीन तपासायच्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये ते परत आलेलं दिसलं, पहिल्याइतकंच. आणि ओरखडा? भरला नाही. पेशी तशाच मंद.

म्हणजे पेशी मंदावल्या होत्या त्या जीनमुळे नव्हेच. आमचा एसएच-आरएनए दुसराच कुठलातरी जीन दाबत होता. नंतर तिने क्रिस्परने तो जीन पूर्ण काढून दोन वेगळे क्लोन बनवले. दोन्ही नेहमीसारखे सरकत होते. चौदा महिन्यांचं काम गेलं. मी परिषदेतून ॲबस्ट्रॅक्ट मागे घेतलं. त्या सोमवारच्या लॅब मीटिंगमध्ये तिने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि शांतपणे म्हणाली, "मला वाटत होतं की हा जीन पेशी सरकवतो. तसं नाहीये." खोलीत कुणी काही बोललं नाही. मग पहिल्या वर्षाच्या मुलाने विचारलं की दुसरा एसएच-आरएनए आधीच का वापरला नाही. चांगला प्रश्न होता, आणि उत्तर मी द्यायला हवं होतं, ते मी दिलं.

तिच्या थीसिसमध्ये ते प्रकरण आम्ही ठेवलं. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्यावरच घालवला, आणि ती त्या एका प्रकरणावर अर्धा तास बोलली, एकदाही न अडखळता.

तुला वाटेल मी एकाच मुद्द्यावर अडून बसलेय. पण आमच्या शास्त्रात हा मुद्दा किती खोल जातो त्याचं एक उदाहरण खारघरशीच जोडलेलं आहे. कमल रणदिवे हे नाव तू ऐकलं असशील. पुण्यात १९१७ साली जन्म, मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांकडे पीएचडी, १९४९ची. नंतर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये टिश्यू कल्चर (शरीराबाहेर पेशी वाढवणं) शिकायला गेल्या आणि परत येऊन परळला भारतातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. ती ज्या संस्थेत उभी राहिली ती पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाली. तीच संस्था २००२ पासून ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र, म्हणून खारघरला आहे. आणि जॉर्ज गाय म्हणजे तेच, ज्यांच्या लॅबमध्ये १९५१ला हेनरिएटा लॅक्स यांच्या गाठीतून हेला पेशी वाढवल्या गेल्या. त्या पेशी इतक्या जोमदार की जगभरच्या लॅबमध्ये त्या इतर पेशींच्या बाटल्यांमध्ये शिरल्या आणि मूळच्या पेशींना मागे टाकून वाढल्या. वर्षानुवर्षं कुणी आतड्याच्या पेशी म्हणून, कुणी यकृताच्या म्हणून हेलावरच काम करत होतं.

हे उघडकीला आणलं ते स्टॅनली गार्टलर या जेनेटिक्सवाल्याने, १९६६ मध्ये. त्यांनी वेगवेगळ्या लोकांपासून घेतल्याचं सांगितलेल्या डझनाहून अधिक सेल लाइनमध्ये (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या पेशींमध्ये) जी-सिक्स-पीडी एन्झाइमचा प्रकार तपासला. सगळ्यांत एकच 'ए' प्रकार निघाला, जो जवळपास फक्त आफ्रिकी वंशाच्या लोकांत सापडतो. हेनरिएटा लॅक्स कृष्णवर्णीय होत्या. त्या इतर लाइनपैकी कितीतरी गोऱ्या रुग्णांच्या म्हणून नोंदवलेल्या. एका एन्झाइमच्या वारशाने पाण्याच्या लेनमधला बँड दाखवून दिला. ऐकणाऱ्यांना ते आवडलं नाही, अनेकांनी पुढेही त्याच बाटल्या वापरल्या. आज आपण सेल लाइन आली की एसटीआर प्रोफाइल (पेशी कुणाच्या ते सांगणारी डीएनए चाचणी) करून घेतो आणि मायकोप्लाझ्मा, म्हणजे पेशींत लपून वाढणारे जीवाणू, तपासतो, ते या इतिहासामुळे. लॅब बघायला जाशील तेव्हा विचार: "सेल लाइनचं एसटीआर शेवटचं कधी केलं?" सहज विचार, पण उत्तर नीट ऐक.

लॅब कशी निवडायची, याचं माझं उत्तर इथूनच निघतं. जिथे पाण्याच्या लेनमधला बँड निर्धास्तपणे दाखवता येतो तिथे जा. गाइडला वाईट बातमी सांगायला मुलं घाबरत असतील, तर त्या लॅबमध्ये मशीन कितीही महागडं असो, तू दिसतं आणि आहे यांत गल्लत करायलाच शिकशील. हळूहळू, नकळत.

हे बाहेरून कसं ओळखायचं? गाइडला विचारून नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये, चहावर, गाइड नसताना विचार: मागच्या वेळी प्रयोग फसला तेव्हा तुम्ही मॅडमना किंवा सरांना कधी सांगितलं? त्याच दिवशी, की निकाल 'सुधारल्यावर'? या एका उत्तराने तुला बरंच कळेल. पहिल्या वर्षाची मुलं अजून हरखलेली असतात, आणि शेवटच्या वर्षाची इतकी दमलेली असतात की ती कुठल्याही लॅबबद्दल वाईटच बोलतात, म्हणून मधली. मग त्या लॅबमधून बाहेर पडलेल्यांचे थीसिस वाच. बऱ्याच विद्यापीठांचे थीसिस 'शोधगंगा'वर फुकट मिळतात. निष्कर्ष सोड, जेलचे आणि ब्लॉटचे फोटो बघ. कंट्रोलच्या, म्हणजे त्या पाण्याच्या लेनसारख्या तुलनेच्या, लेन आहेत का? प्रत्येक ब्लॉट एकच पट्टी कापून लावलाय, की पूर्ण जेल कुठेतरी दाखवलंय? आकड्यांत 'एन बरोबर तीन' (प्रयोग तीनदा केला) लिहिलंय तिथे थांब आणि खाली बघ तीन म्हणजे काय. एकाच फ्लास्कमधून, एकाच दिवशी, एकाच प्लेटवर भरलेले तीन वेल म्हणजे तीन नव्हे; ते एकच, तीनदा मोजलेलं. तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या फ्लास्कमधून केलं तर तीन. हे एवढं साधं आहे आणि एवढ्या ठिकाणी चुकतं की मला दर वेळी वाईट वाटतं.

आणि आकडेशास्त्र शिक. कोर्सवर्कमध्ये पाट्या टाकून पास होऊ नकोस. यूजीसीच्या नियमांनुसार कोर्सवर्क सक्तीचं आहे, संशोधनातल्या नैतिकतेचाही एक पेपर असतो. बहुतेक मुलं ते वर्ष 'खरं काम सुरू होण्याआधीचं' म्हणून ढकलतात. आकडेशास्त्राचं 'आर' सॉफ्टवेअर चालवायला त्याच वर्षी शिक. नंतर वेळ मिळत नाही.

आता तुझ्या दोन लॅब. चौदा विद्यार्थी असलेल्या गाइडकडे तुला महिन्यातून एकदा अर्धा तास मिळेल असं धर. रोजचं शिकवणं सीनियर करतील. सीनियर चांगला असेल तर हे अजिबात वाईट नाही. मी स्वतः बरंच काही माझ्या एका सीनियरकडून शिकले. तिथे मशीन आहेत, रिएजंट आहेत, अँटिबॉडी संपली तर शेजारच्या फ्रीजमध्ये सापडते. नवीन लॅबमध्ये गाइड अजून स्वतः बेंचवर उभी राहते, तुझा प्रत्येक ब्लॉट तिच्या डोळ्यांखालून जाईल. पण तिथे पहिलं वर्ष ऑटोक्लेव्ह बसवण्यात, कोटेशन मागवण्यात जाईल, आणि परदेशातून अँटिबॉडी यायला दीड-दोन महिने. तिला मिळालेली ग्रँट किती वर्षांची आहे ते स्पष्ट विचार. चांगला गाइड यावर रागावणार नाही. निदान तीन वर्षांची ग्रँट हातात असेल आणि तुझ्या डॉक्टरल कमिटीवर कुणीतरी मुरलेलं माणूस असेल, तर माझा कौल नव्या लॅबला. पण कँटीनमधलं उत्तर ऐकल्याशिवाय ठरवू नकोस. आणि चुकली निवड, तर पहिल्या वर्षात लॅब बदलता येते. लोक त्याला बदनामी समजतात. माझ्याकडे दुसऱ्या लॅबमधून आलेल्या दोघांनी उत्तम काम केलं.

बाबांना काय सांगायचं? सहा वर्षं का लागतात, हे आधी सांग. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत किमान तीन वर्षं आणि कमाल सहा वर्षं आहेत, स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा. पण तीन वर्षांत आमच्या विषयात पीएचडी होताना मी पाहिलेली नाही. उंदरांवर काम असेल तर हिशोब सोपा आहे: गर्भ वीस दिवसांच्या आसपास, पिल्लू वयात यायला सहा ते आठ आठवडे, म्हणजे एक पिढी जवळपास तीन महिन्यांची. दोन जीन एकत्र आणायचे तर तीन-चार पिढ्या. त्याआधी प्राण्यांच्या एथिक्स कमिटीची मंजुरी, रुग्णांचे नमुने असतील तर वेगळी कमिटी. पेशींवरच काम असलं तरी आपल्याकडे पावसाळ्यात इनक्युबेटरला बुरशी लागली की महिनाभर सगळं ठप्प. जुलैमध्ये माझ्या लॅबमध्ये आम्ही नवीन मोठा प्रयोग सुरूच करत नसू.

पैशांचं बाबांना नीट सांग, ते रास्त विचारतायत. जेआरएफला महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी परीक्षण होऊन एसआरएफ झालीस की ४२,०००, वर घरभाडे भत्ता. हे दर २०२३च्या जानेवारीपासूनचे. एकूण पाच वर्षं मिळतात, त्यामुळे सहावं वर्ष कसं भागवायचं याचा विचार आत्ताच करून ठेव, गाइडशीही बोलून ठेव. पैसे दर महिन्याला वेळेवर येतील असं गृहीत धरू नकोस, तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला असू दे. तुझ्या मैत्रिणींपैकी कुणाला जेआरएफ मिळाली नसेल तर त्यांना सारथी, बार्टी, महाज्योतीच्या फेलोशिपबद्दल सांग. अनेकांना त्या माहीतच नसतात.

नंतर काय, हाही बाबांचा प्रश्न असेल. सगळेच प्राध्यापक होत नाहीत, माझ्या अकरांपैकी तिघंच झाले. एक जण जेनेटिक टेस्टिंगच्या लॅबमध्ये आहे, रुग्णाच्या बीआरसीए या स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेल्या जीनमधला एखादा बदल धोक्याचा की निरुपद्रवी, हे रिपोर्टवर लिहिणं तिचं काम. त्या एका ओळीवर कुणाचं ऑपरेशन ठरतं. 'वाटतं' आणि 'आहे' तिथे किती जवळ येऊन उभे राहतात बघ. दोघं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या बायोफार्मा कंपन्यांत आहेत, बाकीचे देशात-परदेशात विखुरलेत.

राहता राहिला राहण्याचा प्रश्न. ठाण्याहून खारघरला पनवेल लोकलने पाऊण तास लागतो, मेट्रो झाल्यापासून पुढचा प्रवासही सोपा झालाय, त्यामुळे घरून ये-जा करता येईल असं तुला वाटेल. पहिलं वर्ष येईलही. पण पेशींना घड्याळ कळत नाही. बारा तासांचा टाइम पॉइंट रात्री दोनला आला की शेवटची गाडी गेलेली असते, आणि मग माणूस टाइम पॉइंट आठ तासांवर आणतो. प्रयोग गाडीच्या वेळेवर ठरू लागला की ते नुकसान थीसिसमध्ये दिसत नाही पण असतं. संस्थेचं वसतिगृह मिळत असेल तर घे. नाहीतर वाशीत इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनचं नोकरदार स्त्रियांचं वसतिगृह आहे; १९७३ साली ही संघटना उभी राहिली तेव्हा संस्थापकांमध्ये कमल रणदिवेही होत्या. तिथे पाळणाघरही आहे. बाईला रात्री लॅबमध्ये थांबायचं तर काय काय लागतं, याचा विचार त्या पिढीने करून ठेवलाय.

आता कर एवढंच. दोन्ही गाइडना आजच मेल लिही की निर्णयाआधी एका लॅब मीटिंगला मागे बसायची इच्छा आहे. कुणी नाही म्हटलं तर तेही उत्तरच. बसलीस की स्लाइडकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघ. "कंट्रोल कुठे आहे?" असं कोण विचारतं, ज्युनिअर की फक्त गाइड, आणि विचारल्यावर समोरचा काय करतो ते लिहून ठेव. दोन्ही मीटिंग झाल्या की मला कळव.